राउटर रात्री का बंद पडतो? जुन्या लॅपटॉपवर सिसलॉग, ८ जून ते ११ जुलै

मृगाच्या पहिल्या सरी चिपळुणात आल्या आणि घरचा राउटर रात्री-अपरात्री रीस्टार्ट व्हायला लागला. बाबांचं निदान तयार होतं: "अगं, लाइट जाते, दुसरं काय." असेलही. पण सकाळी राउटरमध्ये बघावं तर नोंदी सुरू होतात त्या तो पुन्हा चालू झाल्यापासूनच्या. राउटरवर चालणारं ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर आपला लॉग, म्हणजे नोंदी, रॅममधल्या एका ठरावीक आकाराच्या जागेत ठेवतं. जागा भरली की जुनं पुसून नवं लिहितं आणि वीज गेली की सगळंच जातं. सतत लिहून फ्लॅश झिजू नये म्हणून केलेली ही सोय मला पटते. तरी अडचण उरतेच: ज्या मिनिटाची नोंद मला हवी, तीच सापडत नाही.

म्हणून सिसलॉग या पद्धतीने (यंत्रांच्या नोंदी पाठवायची आणि साठवायची जुनी पद्धत) नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवायचं ठरवलं. कपाटात थिंकपॅड एक्स २०० पडून होता. त्यावर फ्रीबीएसडी १४ ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. जुन्या लॅपटॉपची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची बॅटरी. माझी अजून पाऊण तास तग धरते, म्हणजे लाइट गेली तरी नोंद घेणारा जागा असतो. वायफाय न वापरता नेटवर्कची केबल थेट राउटरच्या पोर्टात लावली. त्याचा पुढे अनपेक्षित फायदा झाला, तो खाली येईलच.

११ जून

राउटरच्या सिस्टम सेटिंगमध्ये लॅपटॉपचा पत्ता, पोर्ट ५१४ (संदेश ज्या दारावर पोचवायचा त्याचा क्रमांक) आणि यूडीपी (पॅकेट पाठवायची साधी पद्धत) एवढं भरलं की तिकडचं काम संपतं. इकडे फ्रीबीएसडीचा सिसलॉगडी, म्हणजे नोंदी घेऊन फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम, मुळात 'वजा एस' (-s) या फ्लॅगने (चालू करताना द्यायच्या पर्यायाने) चालतो, म्हणजे बाहेरून आलेलं काहीच घेत नाही. आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये तो काढून त्या जागी 'वजा ए' आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ दिला. रिकामी लॉग फाइल टच या कमांडने बनवून ठेवली, कारण कॅपिटल सी हा फ्लॅग दिला नसेल तर सिसलॉगडी स्वतःहून फाइल बनवत नाही. मग रीस्टार्ट. इथे एक लक्षात ठेवा: सिसलॉग डॉट कॉन्फ (कुठली नोंद कुठे लिहायची त्या नियमांची फाइल) बदलली तर रीलोड पुरतं, फ्लॅग बदलले तर रीस्टार्टच लागतो.

फाइल रिकामीच राहिली.

कोण कुठल्या पोर्टावर ऐकतंय ते दाखवणारं सॉकस्टॅट म्हणतं, सिसलॉगडी ५१४ वर ऐकतोय. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला तर पॅकेट येताना स्वच्छ दिसतायत, पुढे कोनी कंसात ३० हा आकडासुद्धा. शेवटी सिसलॉगडी डीबग मोडमध्ये समोर चालवला तेव्हा कळलं की पत्ता जुळतोय, पण पोर्ट जुळत नाही म्हणून तो पॅकेट नाकारतोय. 'वजा ए'ला नुसता पत्ता दिला की पाठवणाऱ्याचं पोर्टही ५१४ च असावं असं तो धरून चालतो. राउटर मात्र हाताला लागेल त्या वरच्या पोर्टावरून पाठवतो. पत्त्यापुढे कोलन आणि तारा (:*) जोडला आणि ओळी धो धो यायला लागल्या. मॅन्युअलमध्ये हे अगदी सरळ लिहिलेलं आहे. मी तो परिच्छेद वाचला नव्हता आणि त्यापायी दोन तास गेले. तुमचे वाचावेत म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

तो ३० चा आकडा मला फार आवडतो. सिसलॉगमध्ये प्रत्येक संदेशाला दोन खुणा असतात: कुठल्या खात्याकडून आला आणि किती गंभीर आहे. खात्याच्या क्रमांकाला ८ ने गुणायचं आणि गंभीरता मिळवायची. डीमन (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) म्हणजे ३, इन्फो (नुसती माहिती) म्हणजे ६, म्हणून ३०. गंभीरता ० पासून ७ पर्यंत, आणि आकडा जितका लहान तितका प्रसंग बिकट. ही सगळी मांडणी एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कलीला सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी केली. म्हणून मेलला स्वतःचं खातं आहे, आणि आज फारसं कुणी वापरत नसलेल्या यूयूसीपीलाही (यंत्रांमध्ये फाइल आणि मेल पाठवायची जुनी पद्धत). तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी लोकल ० ते लोकल ७ अशी आठ खाती मोकळी ठेवली आहेत. त्या काळी कुणीतरी पुढच्यांचा एवढा विचार केला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

१५ जून

आता पसारा आवरणं. राउटरच्या ओळी लॅपटॉपच्या मेसेजेस या मुख्य लॉग फाइलमध्येही शिरत होत्या, कारण मूळ सिसलॉग डॉट कॉन्फमधले नियम संदेश कुठून आला ते बघतच नाहीत. त्यावर उपाय म्हणजे त्या कॉन्फ फाइलच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह आणि ॲट (+@). त्याचा अर्थ, इथून पुढचे नियम फक्त याच यंत्राच्या संदेशांना. दुसऱ्या फाइल आत घेणाऱ्या इन्क्लूडच्या ओळींआधी अधिक आणि तारा (+*) लिहून पुन्हा सगळ्यांना मोकळं केलं. राउटरसाठी सिसलॉग डॉट डी फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवली आणि त्यात अधिकच्या चिन्हापुढे राउटरचं नाव. हे नाव होस्ट्स फाइलमध्ये (नावांचे पत्ते जिथे लिहिलेले असतात) असायला हवं.

राउटरच्या कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) संदेश शोधत असाल तर तेही सांगते. बाहेरून कर्न खात्यात आलेला संदेश सिसलॉगडी यूजर खात्यात टाकतो, कारण कर्न हे खातं तो स्वतःच्या कर्नलसाठी राखून ठेवतो. 'वजा के' दिला तर तसं करत नाही. मी दिला नाही. राउटरची फाइल वेगळीच असल्यावर गरज पडत नाही.

१८ जून

एक पूर्ण संध्याकाळ उद्गारचिन्हात गेली. वायफायच्या ओळी वेगळ्या काढायच्या म्हणून फाइलच्या मध्यावर उद्गारचिन्ह आणि होस्टएपीडी (राउटरचं वायफाय चालवणारा प्रोग्रॅम) असा गट सुरू केला. त्याच्याखाली आधीपासून असलेले सगळे नियम त्या क्षणापासून गप्प झाले. असा गट पुढचा गट येईपर्यंत चालू राहतो. मध्ये रिकामी ओळ सोडून तो संपत नाही, उद्गारचिन्ह आणि तारा लिहून तो संपवावा लागतो. सिसलॉगडी तक्रारही करत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने सगळं बरोबरच असतं. आता मी गट लिहायला घेतला की आधी त्याची बंद करणारी ओळ लिहिते आणि मग मधलं भरते.

प्रत्येक बदलानंतर लॉगर या कमांडने एक संदेश मुद्दाम पाठवून बघायचा, ही सवय त्या संध्याकाळनंतर लागली.

२१ जून

पहाटे राउटर पुन्हा बसला. या वेळी नोंदी हातात होत्या, पण त्या वाचून मी चक्रावले. २१ तारखेच्या ओळींखाली अचानक ११ जूनच्या ओळी, आणि त्यांच्याखाली पुन्हा २१. राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. चालू होताना तो ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सगळ्यात ताज्या फाइलची वेळ उचलतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तीच धरून चालतो. त्याच्यातली ताजी फाइल होती ११ जूनची, मी लॉगचा पत्ता भरला त्या दिवसाची.

याला कॅपिटल टी हा फ्लॅग आहे. तो दिला की सिसलॉगडी पाठवणाऱ्याने सांगितलेली वेळ बाजूला ठेवतो आणि संदेश पोचला त्या क्षणाची स्वतःची वेळ लावतो. शिवाय कॅपिटल ओ देऊन लिहिण्याची पद्धत आरएफसी ५४२४ ची केली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज). जुन्या पद्धतीच्या वेळेत वर्षच नसतं, महिना, दिवस आणि तास-मिनिट-सेकंद एवढंच. ती प्रचलित पद्धत २००१ मध्ये आरएफसी ३१६४ ने कागदावर आणली. २००९ च्या ५४२४ मध्ये वर्ष आलं आणि वेळेचा विभागही आला. पावसाळ्यामागून पावसाळे नोंदी ठेवायच्या तर वर्ष हवंच. ओळीतले रकाने सरकतात, त्यामुळे रकाने मोजून नोंदी चाळणाऱ्या ऑकच्या स्क्रिप्ट असतील तर त्या बदलाव्या लागतील.

२२ जून

आता मूळ प्रश्न. लाइट गेली की नाही, हे राउटर सांगूच शकत नाही. वीज तुटते तेव्हा त्याला शेवटचा शब्द पाठवायलाही वेळ नसतो. पण केबल थेट जोडलेली असल्यामुळे राउटर विझला की लॅपटॉपचा कर्नल लगेच ईएम० ची (लॅपटॉपच्या केबलच्या पोर्टाची) लिंक डाऊन झाल्याचं लिहितो. सेकंदापर्यंत वेळ, आणि तीही घड्याळ शाबूत असलेल्या यंत्राची.

दुसरी खूण लॅपटॉपच्या चार्जरची. भिंतीतली वीज गेली-आली की एसीपीआयची (लॅपटॉपची वीज सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सूचना डेव्हडीकडे, म्हणजे अशा सूचनांवर ठरलेलं काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, येते. तिथे एक नियम लिहिला: लॉगरने लोकल ३ खात्यात, नोटिस पातळीवर, 'वीज' या नावाने सूचनेचा आकडा लिहायचा. आकडा ० म्हणजे गेली, १ म्हणजे आली. एक सावधगिरी हवी. डेव्हडी जुळणाऱ्या नियमांपैकी सगळ्यात वरच्या प्राधान्याचा एकच चालवतो. याच सूचनेवर मुळातला पॉवर प्रोफाइलचा (विजेनुसार प्रोसेसरचा वेग बदलणारा) नियम १० प्राधान्याने बसलेला आहे. माझा २० चा, म्हणून पॉवर प्रोफाइलची हाक माझ्याच नियमात घालावी लागली. नाहीतर वीज गेल्यावर प्रोसेसर मंद व्हायचा थांबला असता आणि माझ्या ते ध्यानातही आलं नसतं.

जुन्या फाइल गुंडाळायला न्यूसिसलॉग आहेच. रोज मध्यरात्री, १४ प्रती, बीझिप२ ने दाबून. मात्र वेळ ठरवून दिली की त्या तासाभरात न्यूसिसलॉग चालला तरच फाइल फिरते, म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू होते. नेमका तेव्हा लॅपटॉप बंद असला तर तो दिवस हुकतो. म्हणून वेळेसोबत १००० किलोबाइटची मर्यादाही घातली. 'वजा एनव्ही' देऊन चालवलं की प्रत्यक्ष काही न करता तो काय करणार ते सांगतो.

६ जुलै

पंधरा दिवसांत सात रीस्टार्ट. राउटरच्या, लॅपटॉपच्या आणि विजेच्या नोंदींच्या तिन्ही फाइल शेजारी ठेवून वाचल्या. तीन वेळा 'वीज ०' आणि लिंक डाऊन एकाच सेकंदात किंवा एका सेकंदाच्या फरकाने. तिथे बाबांचं बरोबर. उरलेल्या चार वेळा विजेची ओळच नाही. चार्जर शांत, भिंतीत वीज आहे, आणि तरी लिंक तुटलेली.

मेसेजेस फाइलवर टेल (नव्या ओळी येतील तशा दाखवणारी कमांड) लावून बसले (कॅपिटल एफ द्या, म्हणजे फाइल फिरली तरी तो नव्या फाइलला धरतो) आणि बाबांना राउटरच्या ॲडॅप्टरची वायर हलवायला सांगितलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा पिनजवळ जराशी वाकवली आणि ओळ आली: लिंक डाऊन. "आली का?" बाबांनी विचारलं. "आली." त्यांनी पुन्हा वाकवली. पुन्हा आली. दहा मिनिटं आम्ही दोघं तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच व्होल्टेजचा नवा ॲडॅप्टर आणला.

११ जुलै

चार दिवसांत एकच रीस्टार्ट, काल रात्री २ वाजून ४० मिनिटांनी, आणि त्याच्याआधी 'वीज ०' आहे. लाइट ५२ मिनिटांनी आली, तोवर लॅपटॉपची बॅटरीही संपून तो धाडकन बंद पडला होता. चालू झाल्यावर डिस्कची तपासणी झाली, नोंदी शाबूत होत्या. आता बॅटरी १० टक्क्यांवर आली की स्वतःच नीट शटडाऊन व्हायला हवा, आणि जाताना लोकल ३ मध्ये तसं लिहून जायला हवा. या रविवारी तेच करणार आहे.