रात्रीची खाज, सेलोटेप आणि जंताची गोळी : माझा अनुभव

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, लेक पाच वर्षांची. रात्री झोपेत सारखी शीच्या जागी खाजवायची, मधेच उठून रडायची आणि दिवसा एकदम ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या गोड खाऊन जंत झालेत, वावडिंगाचं पाणी द्या. नवऱ्याचं म्हणणं दिंडोरीला द्राक्षबागेत अनवाणी फिरली म्हणून. सासर तिकडचंच, त्यामुळे सासूबाईंना ते लागलं आणि घरात अबोला.

डॉक्टरांनी आधी शौच तपासायला सांगितलं. पोरीची मर्जी सांभाळत ती डबी भरणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, आणि एवढं करून रिपोर्ट नॉर्मल! मी खूश, पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत असणार, यांची मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, त्यामुळे शौचात बहुतेक वेळा काही सापडत नाही. मग काय, तर सेलोटेप! सकाळी उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, चिकट बाजू तिथे दाबायची आणि लॅबने दिलेल्या काचेवर चिकटवायची. लेक अर्धवट झोपेत लाथा झाडतेय, पहिला तुकडा माझ्याच बोटांना गुंडाळला गेला, हात धुवून परत दुसरा. पण अंडी दिसली.

अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. सासरे "मला काय धाड भरलीये" म्हणत होते, त्यांनाही दिली. २ आठवड्यांनी परत एक डोस, कारण गोळीने जंत मरतात, अंड्यांचा भरवसा नाही, आणि ती चादरींवर २-३ आठवडे टिकतात. म्हणून चादरी, चड्ड्या गरम पाण्यात, नखं बारीक.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडी-शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी फुकट मिळते, ती द्याच, पण ती मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी. आमचे मातीतले नव्हतेच, हे पोरापोरांत नखांतून, कपड्यांतून पसरतात, मग फ्लॅट असो की मळा. (सासूबाईंनी हे नवऱ्याला दोनदा ऐकवलं.)

टेप पारदर्शकच घ्या, धुरकट नको, मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा बाळ २ वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका.