शनिवारी सगळ्यांनी यावे

गेल्या महिन्यातील एका गुरुवारी सायंकाळी मी माझ्या प्रयोगशाळेतील नऊ सहकाऱ्यांना चार ओळींचा ई-मेल पाठवला. औषधांच्या बॅच अडकल्या आहेत, शनिवारी सगळ्यांनी सकाळी आठ वाजता यावे, असा त्याचा मजकूर होता. शेवटी आभारही मानले होते. शुक्रवारी सकाळी मी कोट अडकवत असतानाच दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्या आमच्या पॅकिंग विभागात यंत्र चालवतात आणि कारखान्याच्या 'बेट्रीब्सराट'च्या, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या परिषदेच्या, अध्यक्षही आहेत. हा ई-मेल मागे घ्यावा लागेल, कारण जादा कामाला परिषदेची संमती घेतलेली नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

मला ते फार लागले. गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत १३ वर्षे औषधनिर्मितीत काढलेल्या माणसाला, आपल्याच गटाला एका शनिवारी बोलावण्यासाठी पॅकिंग विभागाची परवानगी लागावी, हे पचायला जड जाते. फ्रँकफुर्टजवळच्या या गावात येऊन मला दोन वर्षे झाली आणि प्रमुख होऊन जेमतेम आठ महिने. त्यामुळे हा माझ्या अधिकारावरच घाला आहे, असे मला वाटले. घरी येऊन पत्नीजवळ मी तासभर तणतणत होतो आणि इथल्या लोकांना कामाची कळकळच नाही, असेही बोलून गेलो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. अशा परिषदांचा पहिला कायदा जर्मनीत १९२० साली झाला आणि सध्याचा १९७२ सालचा आहे. किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी त्यांना अशी परिषद निवडता येते, तिची मुदत चार वर्षांची असते आणि कामाचे तास तात्पुरते वाढवायचे झाले तरी तिची संमती लागते. दोन्ही बाजूंचे जमले नाही, तर निःपक्षपाती अध्यक्ष असलेले मंडळ निवाडा करते. आपल्याकडेही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनात मालक आणि कामगार यांची संयुक्त समिती नेमायला लावण्याची तरतूद होतीच, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगितले. आमच्या वेर्ण्याच्या कंपनीत ती समिती होती का, हे मात्र मी १३ वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

तरीही वेर्ण्याच्या त्या रात्रींना केवळ पिळवणूक म्हणणे मला मान्य नाही. परदेशी तपासणी पथक यायच्या आदल्या रात्री आम्ही सगळे थांबायचो, कँटीनचा माणूस न सांगता चहा आणि भजी आणायचा, आणि पहाटे नोंदवहीचे शेवटचे पान तपासून झाले की लग्नघरातील काम उरकल्याचे समाधान वाटायचे. सांगेची एक मुलगी आमच्यात होती. तिची शेवटची कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस, चुकली की मी तिच्यासाठी कंपनीच्या गाडीची सोय करायचो. आपल्या माणसांची काळजी घेणारा प्रमुख तो असाच, अशी माझी ठाम समजूत होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही बैठकीला बसलो, तेव्हा बाईंनी तीन गोष्टी विचारल्या. स्वखुशीने कोण येऊ शकेल? त्या तासांची सुट्टी कधी मिळेल? आणि मुळात ही वेळ का आली? पहिल्या दोन प्रश्नांवर पाच मिनिटांत जमले. तिसऱ्यावर मी म्हणालो की यंत्र बिघडले. गोळी पाण्यात किती वेगाने विरघळते हे तपासण्याचे ते यंत्र असते. त्यात एका पाण्याच्या कुंडात सहा भांडी ओळीने बसवलेली असतात, आणि तापमान ३७ अंशांवर राहावे लागते, अर्ध्या अंशाहून अधिक फरक चालत नाही. माझे बोलणे संपल्यावर कोपऱ्यात बसलेल्या आमच्या सर्वांत तरुण विश्लेषकाने आपली वही उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर त्याने लिहिले होते की कुंडाचे तापमान दुपारनंतर उतरते, आणि खाली माझे उत्तरही टिपून ठेवले होते: नंतर पाहू. ते मीच म्हणालो होतो, आणि मला ते आठवतही नव्हते. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता, आणि खोलीतील कोणीही माझ्याकडे रोखून पाहिले नाही, त्यामुळे मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

शनिवारी चौघे आले. एकीने सफरचंदाचा केक आणला होता, आणि अडीच वाजेपर्यंत काम संपले. वेर्ण्यात मी याच कामाला नऊ माणसे आणि एक रात्र लावली असती.

आता आमच्या मंगळवारच्या बैठकीत मी सर्वांत शेवटी बोलतो. हे जर्मनांकडून शिकलो असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही, कारण फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या जत्रेला नाटक बसायचे, तेव्हा दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा असे, पण रोज तालीम संपल्यावर ते आधी प्रॉम्प्टरला विचारत की आज कोण कुठे अडखळले. विंगेत बसलेल्या त्या माणसाला सगळे ठाऊक असते, हे मी वयाच्या बाराव्या वर्षापासून पाहत आलो होतो. कारखान्याच्या फाटकातून आत जाताना ते मी बाहेरच का ठेवले, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

गेल्या रविवारी मी सांगेच्या त्या मुलीला फोन केला. ती आता दुसऱ्या कंपनीत पर्यवेक्षक आहे. त्या रात्री थांबायला तिला जड जात असे का, हे मी तिला प्रथमच विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, कामाचे काही वाटत नव्हते. गाडी दारात सोडायची, पण तोवर आई पायरीवर बसून असायची, आणि ती माझ्याआधी जेवत नसे."