“ताई, आधी शपथ घ्या”

नाताळच्या गाण्यांचा सराव संपला, मुलं वडापाव खायला बाहेर पळाली आणि अकरावीतली एक मुलगी कीबोर्डची वायर गुंडाळत मागे रेंगाळली. गुंडाळून झाली की सोडायची, पुन्हा गुंडाळायला घ्यायची. पुण्यात कॅम्प भागातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी तरुण संघाचं काम बघते. असं रेंगाळणं आता लगेच कळतं. (तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.)

“ताई, एक सांगायचंय. पण आधी बायबलवर हात ठेवून शपथ घ्या, कुणालाच सांगणार नाही म्हणून.”

शपथ मी घेतली नाही. म्हटलं, “जे खरं तेच तुला सांगते. तुझी गोष्ट मी गप्पांत आणणार नाही, प्रार्थनासभेतसुद्धा तुझं नाव घेणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला मदत घ्यावी लागेल. कुणाची, ते आधी तुला सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही.”

ती गप्प झाली. उठून जाते की काय असं वाटलं. माझ्या कितीतरी सहकाऱ्यांचं म्हणणं असतं की आधी शब्द देऊन टाकावा, मूल मोकळं होतं, पुढचं पुढे. मला ते मुळीच पटत नाही. ज्याने या मुलीला त्रास दिला होता, त्याचीही अट हीच होती: कुणाला सांगायचं नाही. तिच्या आयुष्यात तीच अट घालून घेणारं आणखी एक मोठं माणूस मला व्हायचं नव्हतं. आणि शब्द देऊन तो दुसऱ्या दिवशी मोडणारं तर नाहीच.

आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू, पण बोलणं ऐकू जाणार नाही, अशा जागी. तिने चार वाक्यांत सांगितलं. घरातलंच मोठं माणूस. यापेक्षा जास्त मी इथे लिहीत नाही आणि तेव्हा तिला विचारलंही नाही. खोदून विचारणं हे माझं काम नव्हे. तेच तेच पुन्हा सांगायला लावलं की मूल आणखी सोलून निघतं. मी दोनच गोष्टी विचारल्या: आज रात्री तो घरी आहे का, आणि घरात तुझा भरवसा कुणावर आहे?

मग तिनेच विचारलं, “मला त्याला क्षमा करायला हवी ना?”

आमच्या मुलांच्या तोंडी हा प्रश्न येतोच, आणि इथेच आपण घाईघाईने बायबलमधलं वचन काढून हातात देतो. मी म्हटलं, “त्याचं आज काही नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीही चूक नाही. आज तू सुखरूप झोपायचं, एवढंच बघू.” बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायात तामारेवर भावाकडूनच बळजबरी होते. अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो, दावीद राजा नुसता संतापतो आणि करत काहीच नाही. हा अध्याय आम्ही उपासनेत सहसा वाचत नाही. वाचायला हवा.

तिच्या संमतीने तिच्या आईला बोलावलं. आई रात्रपाळीला निघाली होती, तशीच आली. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर बोललो, मग पोलिसांकडे गेलो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक शोषण कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घेता येतो आणि घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात यायचं नसतं. हे तिला आधीच सांगितलं होतं. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या महिला उपनिरीक्षक मावशीच्या घरी येऊन बसल्या, तेव्हा तिचे खांदे जरा सैलावलेले मी पाहिले.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय ऐकवला: भावाने भावाला कोर्टात का न्यावं, मंडळीतलं मंडळीतच मिटवू. पौल तिथे क्षुल्लक, संसारी तंट्यांबद्दल बोलतोय. लेकराच्या अंगाला हात लावणं हा तंटा नव्हे, गुन्हा आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पाळकसाहेब माझ्यामागे ठाम उभे राहिले.

मला त्याहून जास्त धास्ती होती ती प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची. “आपल्या एका बहिणीच्या मुलीसाठी विशेष प्रार्थना करा, कारण सांगता येत नाही” एवढं जरी पडलं, की संध्याकाळपर्यंत खडकीपासून वानवडीपर्यंत सगळ्यांना मुलगी कोण ते कळतं. त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी तरुण संघाचं काम करणाऱ्या सगळ्यांना बजावलं: कुठल्याही मुलाची विनंती त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायची नाही, नाव न घेताही नाही.

अलीकडे एक मुलगा आला. बसायच्या आधीच म्हणाला, “ताई, तुम्ही हे कुणाला सांगाल ते आधी सांगा.” त्याचे दोन विषय राहिले होते आणि घरी माहीत नव्हतं. रात्र रात्र झोप लागत नव्हती. जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळच विचारलं. “नाही,” म्हणाला. कधी वाटलंच तर रात्री-अपरात्रीही लावायचा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला आणि म्हटलं, “हे मी कुणालाच सांगणार नाही. घरी तूच सांग. हवं तर मी सोबत येते.”

रविवारी उपासनेनंतर त्याच्या घरी जायचं ठरलंय.