गोदामात आहे, दुकानात नाही

तांदळाचे भाव भडकले की कुठल्याही सरकारचं पहिलं वाक्य ठरलेलं: साठा मुबलक आहे. बहुतेक वेळा ते खरंही असतं. घोडं अडतं ते गोदामाच्या दारापासून पुढे.

१०० किलो भात भरडला की तूस आणि कोंडा वजा जाऊन, कणी धरून, ६७-६८ किलो तांदूळ हाती येतो. ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास आणलेला नसेल तर भात थप्पीत तापतो, बुरशी धरतो. उलट घाईघाईने कडक वाळवला तर दाण्याला बारीक चिरा जातात आणि भरडताना त्याची कणी होते. या कणीवरच भाव ठरतो. जगभरचे सौदे ‘५ टक्के तुकडा’, ‘२५ टक्के तुकडा’ अशाच भाषेत होतात.

जपानचं २०२५ साल बघा. ५ किलोची पिशवी ४ हजार येनांवर गेली, म्हणजे वर्षभरात जवळपास दुप्पट. मार्चमध्ये सरकारने राखीव साठ्याचा लिलाव केला. बहुतेक माल सहकारी महासंघाने उचलला, पण आठवडे उलटले तरी दुकानांत तो नावापुरताच दिसला. राखीव माल असतो कोंड्यासकट. तो पॉलिश करायचा, पिशव्यांत भरायचा, गाड्या लावायच्या. ही सगळी साखळी आपल्या नेहमीच्याच चालीने चालते. शिवाय लिलावात माल जातो चढ्या बोलीला, मग किरकोळ भाव उतरावा कसा? अशात कृषिमंत्री ताकु एतो म्हणाले की आपण तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थकच आणून देतात. मे महिन्यात त्यांना खुर्ची सोडावी लागली. नंतर आलेल्या शिंजिरो कोइझुमींनी लिलाव थांबवून ठरावीक भावाने थेट दुकानदारांना माल दिला. महिनाअखेर २०२२ च्या पिकाची पिशवी सुमारे २ हजार येनांना मिळू लागली आणि पहाटेपासून रांगा लागल्या.

तीन वर्षांचा तांदूळ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. १५ अंशांखाली ठेवलेला दाणा चांगला टिकतो. शिजवताना पाणी थोडं जास्त घालावं लागतं, इतकंच. मात्र साठा मोकळा करायची वेळ चुकली, नवं पीक तोंडावर आलेलं असताना तो बाजारात ओतला, तर पडतो तो शेतकऱ्याचा भाव.