तुम्ही विचारलंत म्हणून : महागडी सिस्टिम तितकी चांगली वाजते का?

घरात नवीन म्युझिक सिस्टिम घ्यायचे ठरले की नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात ओळख झालेले श्रोते मला एकच प्रश्न विचारतात : पाच लाखांची सिस्टिम पन्नास हजारांच्या सिस्टिमपेक्षा दहापट चांगली वाजते का? माझे उत्तर असे की, ते पैसे सिस्टिमच्या कोणत्या भागावर खर्च होणार आहेत हे आधी पाहावे, कारण काही भागांची किंमत स्पष्ट ऐकू येते आणि काही भागांची मुळीच ऐकू येत नाही.

जिथे हवा हलवावी लागते, तिथे किंमत ऐकू येते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. म्हणूनच खोल खर्जासाठी मोठा वूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकरचा भाग), दणकट चुंबक आणि स्वतः थरथरणार नाही असे जाड, आतून आधार दिलेले खोके लागते, आणि या सगळ्यात माल आणि मजुरी दोन्ही जातात. लहान खोके, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. भौतिकशास्त्राचा हा नियम सर्वांत महागड्या कंपनीलाही चुकवता आलेला नाही. तंबोऱ्याची जवारी सामान्य ट्विटरवर (वरचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या छोट्या भागावर) नुसती झणझणते; उत्तम स्पीकरवर मात्र खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, म्हणजे स्वयंभू गंधार, वेगळा ओळखता येतो. जी व्यक्ती माइकशिवायच्या बैठकीत तंबोऱ्याजवळ बसली आहे, तिला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. अशा स्पीकरच्या जोडीवर कोणी जास्त पैसे घालत असेल, तर मी कधीही अडवत नाही. टर्नटेबललाही (तबकडी फिरवणाऱ्या यंत्रालाही) हेच लागू होते, कारण तिथे बेअरिंगची अचूकता ही खरीखुरी कारागिरी असते.

जिथून फक्त वीज वाहते, तिथे मात्र चित्र पालटते. तीन मीटर अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.०४ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. ही वायर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात कोणत्याही विजेच्या दुकानात मीटरवर मिळते, आणि तिच्या जागी हजारो रुपयांची केबल लावण्याचे एकही कारण मला आजवर पटलेले नाही. ॲम्प्लिफायरचेही फार वेगळे नाही. मध्यम किमतीच्या चांगल्या ॲम्प्लिफायरची विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, तर खालच्या सुरांत स्पीकरची विकृती सहज एखाद्या टक्क्यावर जाते. मग उरलेला पैसा ॲम्प्लिफायरवर घालून काय साधणार? वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. डॅकच्या, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाचे विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाच्या, बाबतीत २००७ साली प्रसिद्ध झालेला मेयर आणि मोरन यांचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या मर्यादेतून ऐकवले. ५५४ वेळा विचारल्यावर २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून येतील तितकीच. हेडफोनच्या बाबतीतही २०१७ साली २८३ हेडफोन मोजून पाहिले गेले, आणि त्यांच्या स्वरसंतुलनाचा किमतीशी संबंध आढळला नाही.

तरीही महागडी सिस्टिम ऐकताना अनेकांना ती खरोखर चांगली वाटते, आणि ते खोटे बोलत नसतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा छोटा, स्वस्त संच डोळ्यांसमोर येताच मागे पडला. त्यातच दोन सिस्टिमपैकी एक अर्धा डेसिबल जरी मोठी वाजत असली, तरी ती मोठी न वाटता अधिक स्वच्छ आणि भरीव वाटते. शोरूममधली तुलना या दोन कारणांनी बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते.

आता खोलीविषयी, कारण पुण्यात माझ्या मते सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. कोथरूडच्या किंवा सिंहगड रस्त्याच्या फ्लॅटमधली दहा बाय बारा फुटांची खोली घेतली, तर तिच्या लांबी-रुंदीमुळे साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला, आणि पुन्हा त्यांच्या दुपटीला, आवाज फुगतो. डग्ग्याच्या घुमाराचा बराच भाग याच पट्ट्यात येतो, त्यामुळे एका खुर्चीवर तो छाती दडपणारा आणि दोन फूट सरकल्यावर जवळपास नाहीसा होतो. त्यातच सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि मोठ्या काचा असल्या, तर तार सप्तकातली तान आपल्याच प्रतिध्वनीत मिसळते. यावर कोणताही ॲम्प्लिफायर उपाय नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे, बसण्याची जागा मागच्या भिंतीपासून पुढे घेणे, जाड गालिचा आणि पडदे लावणे, बाजूच्या भिंतीला भरलेले पुस्तकांचे कपाट उभे करणे यांमुळे जो फरक पडतो, तो कुठल्याही महागड्या केबलने पडलेला मी ऐकलेला नाही.

म्हणून एक लाख रुपये हाताशी असतील, तर सत्तर हजार स्पीकरवर, वीस हजार ॲम्प्लिफायर आणि डॅकवर आणि उरलेले खोलीवर घालावेत असे मी सुचवतो. पाच लाख असतील तरी हे प्रमाण फारसे बदलू नये. उलट खोलीचा वाटा वाढवावा. स्पीकर पाहायला जाताना आपल्या नित्य ऐकण्यातले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, दोन्ही जोड्यांची आवाजपातळी मीटरने सारखी करून मागावी, कोणता स्पीकर वाजतो आहे हे दुसऱ्याला बदलायला सांगावे आणि आपण स्पीकरकडे पाठ करून बसावे. याला नकार देणाऱ्या दुकानात खरेदी करू नये.