तांब्याच्या स्फटिकाला चिंच लावू नका

नाशिकच्या घरात तांब्याचं भांडं काळं पडलं की हात चिंच-मिठाकडे जातो. भांड्याला ते चालतं. पृष्ठभाग सपाट, वर भरपूर पाणी. संग्रहासाठी घेतलेल्या तांब्याच्या स्फटिकाचं मात्र त्यातून कायमचं नुकसान होतं.

हे स्फटिक बहुधा अमेरिकेतल्या मिशिगनच्या कीविनॉ द्वीपकल्पातले असतात. १८४० च्या दशकात तिथे खाणींसाठी झुंबड उडाली. आता त्या बंद आहेत, त्यामुळे जुने संग्रह आणि खाणीबाहेरचे ढिगारे यांतूनच नमुने मिळतात. नाशिकजवळच्या पांडवलेण्याच्या कातळाशी परिचय असलेल्याला तिथला खडक ओळखीचा वाटेल. तोही लाव्हाचाच, पण सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला साधारण साडेसहा कोटींचा. वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत आपल्याकडे स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही खनिजं भरली. तिथे गरम द्रावांनी कॅल्साइट, प्रेहनाइट, एपिडोट या खनिजांसोबत थेट धातुरूप तांबं आणून ठेवलं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपली बाजू पाहून ठेवावी, तुलना लगेच कळते.

सोबतचं खनिज हाच नमुना नैसर्गिक असल्याचा पुरावा. विद्युत-विलेपनाने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने थर चढवत वाढवलेली, फांद्या फुटल्यासारखी दिसणारी तांब्याची झाडंही नैसर्गिक म्हणून विकली जातात. ती गुलाबी, एकसारखी चकचकीत, बारीक दाणेदार असतात आणि त्यांच्या खाचांत कॅल्साइटचा कणही सापडत नाही. भिंगाखाली डिंकाचा सांधा दिसतो का, तेही पाहा.

आता चिंचेकडे. तिच्यातलं टार्टरिक आम्ल काळा थर सोडवतं, पण कॅल्साइटही खातं. लिंबाचंही तेच. मिठाचं क्लोराइड फांद्यांच्या खाचांत अडकतं, दमट हवेत आतून कुरतडत राहतं आणि काही महिन्यांनी फिकट हिरवी भुकटी उगवते. त्याहून बरा उपाय त्याच टार्टरिक आम्लाच्या क्षाराचा आहे: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १५० ग्रॅम रोशेल सॉल्ट विरघळवा, मग ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा घाला. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. द्रावण तापून उसळतं. हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचं भांडं हवंच. ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, सोडा ते खातो. पातळ थर मिनिटांत जातो, जाड क्युप्राइटला (तांब्याच्या लालसर ऑक्साइडला) एक रात्र लागू शकते. मधूनमधून काढून पाहा. हे द्रावण मॅलाकाइट, म्हणजे तांब्यावरचा हिरवा खनिज थरही घालवतं, म्हणून तो सुंदर असेल तर नमुना मुळीच बुडवू नका. माझ्या मते तपकिरी जुना रंगही ठेवण्यासारखाच असतो. गुलाबी उघडं तांबं कच्चं दिसतं.

नंतर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. सुकवताना केसांचा ड्रायर मंद ठेवा. वाकलेली फांदी सरळ करू नका. तांबं मऊ असलं तरी वाकवल्यावर कडक होतं आणि परत वळवताना तुटतं.

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. ताज्या प्लायवुडचं बंद कपाट टाळा, त्यातून आम्लाची वाफ सुटते. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने तांब्यावर काळा पट्टा उमटतो. उचलताना बोट कॅल्साइटच्या बाजूला, घामाचं मीठ तांब्याला लागू न देता.