बाबांच्या व्हीएचएसमधला तानपुरा

कॅसेटवर बाबांच्या अक्षरात एवढंच होतं: '१९८६, घरची मैफल'. लावली की पडद्यावर काळे-पांढरे ठिपके वळवळायचे, म्हणून ती खराब झाली असंच आम्ही धरून चाललो होतो. दिवाळीच्या आवराआवरीत आई म्हणाली, "अगं, ते चित्र नाहीच. मामाने दुबईहून डबा आणला होता ना, त्यातून बाबांनी गाणं भरलंय."

डबा म्हणजे पीसीएम अ‍ॅडॉप्टर, आवाजाचे आकडे करणारा. डिजिटल आवाजाचे एवढे आकडे साठवायला तेव्हा घरात एकच साधन होतं, व्हिडिओ टेप. अ‍ॅडॉप्टर ते आकडे ठिपके करून चित्राच्या ओळींवर मांडायचा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), फील्डमध्ये कामाच्या २९४ ओळी, ओळीत डाव्या-उजव्या दर चॅनेलचे ३ नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापं). गुणाकार केला तर ४४,१००! सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा वेग, याच हिशेबातून आला.

अ‍ॅडॉप्टर केव्हाच भंगारात गेलेला. मग कॅसेट कॉम्प्रेस न करता संगणकात उतरवली आणि ओळी वाचणारा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १०१० अशी खूण असते, शेवटी पांढरा पट्टा. जुनी टेप एका वेगाने चालत नाही, ओळ सरकते, ताणली जाते. दोन्ही टोकं सापडली की मधलं अंतर वाटून बिट (एकेक ० किंवा १) कुठे पडतो ते काढायचं. एका बिटाला जेमतेम ५ पिक्सेल. काळं कुठवर आणि पांढरं कुठून, हेही दर ओळीला नव्याने ठरवायचं. शेवटचे १६ तपासणी बिट जुळले तर ओळ खरी, नाहीतर काळ्या-पांढऱ्यातली पातळी किंचित हलवून पुन्हा वाचायची.

सगळं जुळत होतं, तरी आवाजात टकटक. चार रात्री मी माझ्याच गणितात चूक शोधत बसले. चूक व्हीसीआरची होती! टेपवरचा थर उडालेला असला की तो तिथे आधीचीच ओळ पुन्हा चिकटवतो. सिनेमा बघताना ते बरंच, पण इथे त्या नकलेचे तपासणी बिटही बरोबर येतात आणि प्रोग्रॅम बेधडक विश्वास ठेवतो. आता आधीच्या ओळीशी हुबेहूब जुळणारी ओळ मी बाद करते. एकत्र लागणारे नमुने १६-१६ ओळींच्या अंतराने विखुरलेले असतात, त्यामुळे एखादी ओळ गेली तरी पॅरिटीवरून (सोबत नोंदवलेल्या जादा आकड्यांवरून) हरवलेला आकडा तंतोतंत परत मिळतो.

काल रात्री तानपुरा स्वच्छ लागला. त्याआधी बाबांचा आवाज आला, "पंखा बंद करा रे कुणीतरी." आईने तेवढंच तीनदा लावायला सांगितलं.